पायावर वारंवार धावरं (कातडीचा जीवाणूंचा संसर्ग) उठतंय: गोळ्या संपल्या, लाली तशीच. पुढे काय?

धानाची_पेंढी: आईचं वय 62, भंडारा जिल्हा. डाव्या पायाला हत्तीरोगाची जुनी सूज. दीड वर्षात तिसऱ्यांदा धावरं उठलं: हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ), नडगी लालभडक. डॉक्टरांनी अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड 7 दिवस दिलं. ताप गेला, लाली पूर्ण गेली नाही. अजून एक कोर्स मागावा का? धानाची रोवणी तोंडावर आली आहे. शुगर नाही, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही.

रानजाई: नुसत्या रंगावरून ठरवू नका. हाताची पालथी बाजू दोन्ही नडग्यांवर ठेवून बघा. दोन्हीकडे सारखीच ऊब लागत असेल, दाबल्यावर दुखत नसेल, कातडी सुरकुतून कोंड्यासारखी सुटत असेल तर जंतूंचं काम आटोपलं आहे. उरलेला तांबूसपणा सुजेचा, तो काही आठवडे राहतो. त्यासाठी दुसरा कोर्स केला तर जुलाबच लागतील. पाय अजून गरम आणि दुखरा असेल तर मात्र दाखवा, आत पू साठलेला असू शकतो. मेडिकलमधून स्वतःहून सेफिक्झिम आणू नका. कातडीतल्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर ते जवळजवळ चालत नाही.

पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा. औषध बरोबर असलं तरी पहिले 24 ते 48 तास लाली रेघेबाहेर सरकू शकते. त्यानंतरही सरकत राहिली तर डॉक्टरांना कळवा.

सुती_पट्टी: धावरं तिसऱ्यांदा आलं म्हणजे जंतूंना आत शिरायला वाट उघडी आहे. चौथ्या आणि पाचव्या बोटाची बेचकी उजेडात फाकवून बघा. तिथली कातडी पांढरी, भिजल्यासारखी, चिरलेली दिसली तर त्या चिखल्या. आधी त्यांचा बंदोबस्त करा.

रोज संध्याकाळी साध्या पाण्याने, साध्या साबणाने पाय धुवा. गरम पाणी नको: सुजलेल्या पायाला चटका कळत नाही आणि सूजही वाढते. मग जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक बेचकीत घालून टिपा. पट्टी कोरडी निघेपर्यंत टिपायचं, घासायचं नाही, घासलं की नवी चीर पडते. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का मलम दिवसातून दोनदा, 4 आठवडे. चिखल्या दिसेनाशा झाल्या म्हणून दहाव्या दिवशी मलम सोडलं की त्या परत येतात. क्लोबेटासोल मिसळलेली 'थ्री-इन-वन' मलमं अजिबात नकोत. खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते.

रोवणीचं म्हणाल तर चिखल्या आणि चिरा भरेपर्यंत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरवू नका.

धानाची_पेंढी: बेचकीत पांढरं आहे, आत्ताच बघितलं. कायमचं थांबवायला काही औषध आहे का? आणि हत्तीरोगाच्या गोळ्या परत द्यायच्या का?

रानजाई: हत्तीरोगाच्या गोळ्या जंतांसाठी असतात. धावरं जीवाणूंचं, त्यावर त्या चालत नाहीत, आणि ताप-लाली असताना तर देऊच नयेत.

वारंवारच्या धावऱ्यासाठी पेनिसिलिन व्ही 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर, असा उपाय आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या वर्षात धावरं परतलं ते गोळी घेणाऱ्या 22 टक्के लोकांना, न घेणाऱ्या 37 टक्के लोकांना. गोळी थांबवल्यावर फरक राहिला नाही. सूज जास्त असलेल्यांना गुणही कमी आला. रोज गोळी घेणं जमत नसेल तर बेन्झाथीन पेनिसिलिन 12 लाख युनिटचं इंजेक्शन 3 ते 4 आठवड्यांनी देतात, तेही सोय असलेल्या दवाखान्यातच.

सुती_पट्टी: म्हणूनच सूज उतरवणं टाळू नका. ऑस्ट्रेलियातल्या 2020 सालच्या चाचणीत दाबपट्टी बांधणाऱ्या 15 टक्के लोकांना धावरं परतलं, न बांधणाऱ्या 40 टक्के लोकांना. पट्टी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधायची. लाली ताजी असताना नाही, आणि पावलाची नाडी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. रात्री खाटेच्या पायथ्याच्या खुरांखाली एकेक वीट ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा.

रानजाई: एक राहिलं. लाली कमी पण वेदना असह्य, काळेनिळे फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर, किंवा आई बरळायला लागली, यातलं एकही दिसलं तर रेघ मारत बसू नका. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.