साहेबांच्या कॉम्प्युटरवरचा तो हिरवा पत्त्यांचा खेळ शिकायचाय

किटलीवाला

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई होतो, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. 1999 च्या आसपास आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये बसला. धूळ नको म्हणून त्याला प्लॅस्टिकचं कव्हर होतं, ते काढायचं आणि घालायचं काम माझं. दिवसातून दोनदा चहा घेऊन आत जायचो, तर पडदा हिरवागार आणि त्यावर पत्ते मांडलेले. गठ्ठ्याच्या पाठीवर एक काळोखा वाडा आणि भोवती फडफडणारी वटवाघळं. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली असायची. त्यांना मी सांगायचो, साहेब कामात आहेत.

पत्ते मला नवे नाहीत. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळत पहाट केलेला माणूस आहे मी. पण एकट्यानं पत्ते खेळायचे, समोर भांडायला कुणी नाही, हे काही डोक्यात बसत नव्हतं. आता नातवानं मोबाइलवर तोच खेळ टाकून दिलाय, सॉलिटेअर म्हणतात म्हणे त्याला. पंधरा दिवस झाले, एक डाव सुटेल तर शपथ. नातू म्हणतो, आबा, त्यात शिकायचं काय, आपोआप येतं. त्याला येतं हो.

रिकाम्या जागेवर राणी ठेवायला गेलो की ती पळून परत जागेवर जाते. मोबाइल बिघडलाय का? वरच्या गठ्ठ्यातून तीन पत्ते एकदम पडतात आणि नेमका हवा तो मधे अडकतो. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक डाव सुटतोच का, की मीच ढ आहे? शिवाय मधूनच जाहिरात येते. परवा चुकून बोट लागलं तर रमी खेळा, बोनस घ्या, म्हणून नंबर मागायला लागलं. घाबरून फोनच बंद केला.

किलवरची_राणी

काका, मोबाइल ठणठणीत आहे. रिकाम्या जागेवर फक्त राजा बसतो, राणीला तिथे मज्जाव. (आम्हाला सवय आहे.)

बदाम सात खेळला असालच. वरच्या चार जागा म्हणजे जवळपास तेच समजा, फक्त सत्तीऐवजी एक्क्यापासून सुरुवात आणि राजापर्यंत चढतच जायचं. इस्पिकवर इस्पिक, बदामावर बदाम. खालच्या सात ढिगांत उलटं: उतरत यायचं आणि लाल-काळं आलटून पालटून. लाल नव्वीवर काळी अठ्ठी, तिच्यावर लाल सत्ती.

मी हा खेळ बाळंतपणात शिकले, मुलगी मांडीवर आणि एक हात मोकळा. दोन महिने हरत होते, कारण जो पत्ता वर जाईल तो लगेच वर ढकलायचे. जाग आली ती एका पंजीमुळे. बदाम पंजी घाईघाईनं वर पाठवली आणि पुढच्याच क्षणी काळी चव्वी आली, तिला खाली बसायला जागाच नाही. तिच्याखाली पालथे पत्ते तसेच अडकून राहिले. तेव्हापासून एक्का आणि दुर्री बिनधास्त वर पाठवते, बाकीच्यांना विचार करून.

खरी लढाई पालथ्या पत्त्यांशी आहे. सात ढिगांत मिळून 28 पत्ते असतात, त्यातले 7 उघडे आणि 21 पालथे. उरलेले 24 वरच्या गठ्ठ्यात. तेव्हा दोन ठिकाणांहून एकच चाल करता येत असेल, तर ज्या ढिगात पालथे जास्त तिथून करा. आणि हातात राजा नसताना ढीग रिकामा करायची घाई नको, ती जागा नुसती ओस पडते.

तीन पत्त्यांचं गणित असं: 24 पत्ते तीन-तीननं पडले की एका फेरीत वर दिसतात आठच. त्यातला एकही उचलला नाही, तर पुढच्या फेरीला पुन्हा तेच आठ, कितीही फिरवा. पण एक उचलला की पुढच्या फेरीत त्याच्या पुढची रांग सरकते आणि दडलेले वर येतात. म्हणून कधी कधी गरज नसलेला पत्ताही मुद्दाम उचलायचा. सुरुवातीला मात्र सेटिंगमध्ये जाऊन ‘ड्रॉ वन’ करा, म्हणजे एकेक पडेल. त्यात लाज नाही.

रात्रपाळी

काका, तुम्ही ढ नाही. जाणकारांनी संगणकाकडून डाव सोडवून घेऊन हिशेब मांडलाय: तीन-तीनच्या खेळात पालथे पत्ते कुठले हे आधीच माहीत असेल, तर शंभरात सुमारे 82 डाव सुटू शकतात. आपल्याला ते माहीत नसतात, म्हणून आपला आकडा खूपच खाली येतो. डाव अडला की सरळ मोडा आणि नवा मांडा.

जाहिरातींवर उपाय: गुगलवर इंग्रजीत सॉलिटेअर असं टाइप करा, वरतीच खेळ येतो. काही डाउनलोड नाही, नंबर नाही. सोपा निवडलात की एकेक पत्ता, अवघड निवडलात की तीन.

आता तुमच्या साहेबांबद्दल. तो खेळ विंडोजमध्ये 1990 ला आला. लिहिला वेस चेरी नावाच्या पोरानं, मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असताना. पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. लोकांना माउसनं वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची सवय लागावी, असाही हेतू त्यात होता असं सांगतात. म्हणजे साहेब ट्रेनिंग घेत होते म्हणा. गंमत म्हणजे चेरीनं त्यात एक बटण ठेवलं होतं, वरिष्ठ आला की ते दाबायचं आणि पडद्यावर कामाचा खोटा तक्ता उघडायचा. कंपनीनं ते काढायला लावलं. तुमच्या कचेरीत ते बटण म्हणजे बाहेर उभे असलेले तुम्ही.

त्या जुन्या खेळात डाव सुटला की वरचे पत्ते एकेक करून खाली उड्या मारत जायचे, मागे शेपूट सोडत, सगळा पडदा भरून जायचा. ते बघितलं असेलच तुम्ही.

निवृत्त_कॅशिअर

किटलीवाले, आधी रमीचं. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली आहे. तरीही कुणी बोनस देत असेल तर तो काय लायकीचा, ते तुम्ही ओळखा. फुकट खेळाला नंबर, ओटीपी, आधार कशाचीच गरज नसते. मी बुद्धिबळासाठी लिचेस नावाची साइट वापरतो, तिथे जाहिरातच नाही.

दुसरं, नशिबाचा राग येत असेल तर हा खेळ सोडा आणि फ्रीसेल धरा. त्यात 52 च्या 52 पत्ते पहिल्यापासून उघडे, आठ ओळींत. वर चार रिकामे कप्पे, अडलेला पत्ता तात्पुरता ठेवायला. मी त्यांना सस्पेन्स खातं म्हणतो, बँकेत जागा न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवतात ते: ठेवायला सोपं, पण भरून ठेवलंत तर हात बांधले जातात. माझा शिरस्ता असा की दोन कप्पे तरी मोकळे राहिलेच पाहिजेत.

विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये डावांना 1 ते 32000 असे क्रमांक होते. नव्वदच्या दशकात इंटरनेटवरच्या लोकांनी ते आपसांत वाटून घेऊन सोडवले. एकच उरला, 11982. तो आजवर कुणालाच सुटलेला नाही. मी त्याच्यावर एक अख्खा दिवाळीचा आठवडा घालवला, घरचे रांगोळ्या काढत होते. म्हणजे इथे हरलात तर चूक बहुतेक आपलीच. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

स्पायडर म्हणून आणखी एक आहे, दोन कॅटांचा, 104 पत्ते. तो इतक्यात नको.

किटलीवाला

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं पंजीचं ऐकलं, एकेक पत्त्यावर आलो आणि काल रात्री पावणेबाराला डाव सुटला. किलवरचा राजा सगळ्यात शेवटी गेला. बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली, झोपा आता.

रात्रपाळी, तुमच्या उड्यांवर मात्र मी सकाळपासून विचार करतोय. दिवसाला दोन चहा, साहेबांची बदली होईपर्यंत चार वर्षं. पत्ते उड्या मारताना मी एकदाही बघितले नाहीत. तीन-तीनच पडायचे त्यांचे, एवढं पक्कं आठवतंय.

कॅशिअरसाहेब, फ्रीसेल आज उघडतो. तिथे रिकाम्या जागेवर राणी चालते का?

निवृत्त_कॅशिअर

चालते. दुर्रीसुद्धा चालते.