मदत हवी आहे: पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायला परवडणारा ग्राइंडर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याजवळ राहतो. नोकरी खुर्चीतली, सुतारकाम फक्त रविवारचं. पावसाआधी कौलं परतताना माळ्यावर आजोबांची हत्यारांची पेटी सापडली. सहा पटाश्या, दोन गोल पटाश्या, रंध्याची दोन पाती, एक वाकस आणि एक मार्तेल (आजोबा हातोडीला शेवटपर्यंत मार्तेलच म्हणायचे). खोबरेलात भिजवलेल्या फडक्यात सगळं बांधलेलं होतं. जिथे उंदरांनी फडकं खाल्लं तेवढ्याच जागी गंज चढलाय, बाकी पोलाद अजून चकचकीत आहे.

यंदा चवथीला माटोळीची चौकट (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची ती) नवी करायची आहे, जुनीला वाळवी लागली. फणसाच्या पट्ट्या कापून पडवीत सुकत ठेवल्यात. सांधे हातानेच कोरायचे, असं ठरवून बसलोय.

पण सुरुवातच वाईट झाली. घरात चार इंची अँगल ग्राइंडर होता, त्यावर सगळ्यात रुंद पटाशी धरली. दहा-बारा सेकंदांत टोक वाळल्या गवतासारखं पिवळं, मग जांभळं, मग मोरपिशी निळं झालं. दिसायला सुंदर! फणसावर दुसऱ्याच घावाला धार पत्र्यासारखी दुमडली.

आता नीट बेंच ग्राइंडर घ्यायचा आहे. बजेट चाकासकट चार हजार, फार तर साडेचार. मडगावच्या एका दुकानात सहा इंची दाखवला, ‘२८५० आरपीएम (मिनिटाला फेरे), हाच सगळे नेतात’ म्हणाले. नेटवर वाचतो तर म्हणे कमी वेगाचा आठ इंचीच घ्या, नाहीतर पोलाद जळतं. तो इथे मिळत नाही आणि मागवला तर बजेटच्या बाहेर जातो. प्रश्न असे: सहा इंची वेगवान मशीनवर पटाशी न जाळता धार निघते का? पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करता येईल का? आणि ती निळी झालेली पटाशी कामातून गेली का?

मोटरवाला:
रेग्युलेटरचं आधी डोक्यातून काढा. बेंच ग्राइंडरमध्ये इंडक्शन मोटर असते, तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर आणि मोटरच्या पोलवर, म्हणजे आतल्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर ठरतो. दोन पोल असतील तर २८५०च्या आसपास, चार पोल असतील तर १४४०च्या आसपास. रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो. त्याने वेग थोडासाच उतरतो, पण जोर जातो, मोटर तापते, आणि एक दिवस वाइंडिंगचा वास येतो. माझ्याकडे अशा जळक्या मोटरी रिवाइंडिंगला येतात, मालक म्हणतो आपोआप जळली.

दुसरं, नुसता आरपीएम बघू नका, दगडाच्या (म्हणजे घासायच्या चाकाच्या) कडेचा वेग बघा. सहा इंची दगड २८५० ला सेकंदाला साधारण २२ मीटर पळतो, आठ इंची १४४० ला १५ मीटर. म्हणजे फरक आहे, पण दुप्पट नाही. आठ इंची आणि २८५० हे मात्र घेऊ नका, तो ३० मीटरच्या घरात जातो. दुकानात मोठं मशीन दिसलं की माणूस भुलतो.

पाटीवर ‘एस २, ३० मिनिटं’ असं काही लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर सलग अर्धा तासच चालवायचं मशीन आहे. पटाश्यांना तेवढं पुरतं.

पेडण्याचा मेस्त:
बाब, तुमचं मशीन नाही, दगड जाळतो. आणि हात.

दुकानातून मशीनसोबत येतो तो करडा दगड वेल्डिंगवाल्यांसाठी. तो कडक असतो, त्याचे बोथट झालेले कण सुटत नाहीत, ते नुसते घासत राहतात आणि पोलाद तापतं. पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड घ्या, ६० किंवा ८० ग्रिटचा (कणांचा बारीकपणा), मऊ बाँडचा (कण धरून ठेवणारा चिकटा). दगडावर इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं त्यात ‘J’ किंवा ‘K’ बघा. त्याचे बोथट कण गळून पडतात, खालून नवीन धारदार वर येतात. म्हणून तो लवकर झिजतो, पण थंड कापतो. हिरवा दगड दिला तर घेऊ नका, तो कार्बाइडच्या (फार कडक धातूच्या) टोकांच्या हत्यारांसाठी. मधलं भोक आणि जाडी आपल्या मशीनला जुळते का ते मोजून जा, मी एकदा दगड घेऊन पेडण्याहून म्हापशाला दोन फेऱ्या मारल्यात.

उरलेल्या पैशांत डायमंड ड्रेसर (दगडाचा वरचा थर खरवडायचं हत्यार) घ्या. दगड चकाकायला लागला की तो एकदा हलका फिरवायचा. दगडाची कड मध्ये केसभर उंच ठेवा, सपाट नको. मग पातं सगळ्या रुंदीने टेकत नाही आणि तापही कमी.

बोट धारेच्या अगदी मागे ठेवा. बोटाला चटका लागण्याआधी पाण्यात. लाल होण्याची वाट बघणारा मेस्त मी अजून बघितला नाही. आणि कडेपर्यंत घासू नका, टोकाला केसाएवढी जुनी पट्टी राहू द्या. पातळ कडच आधी जळते. ती पट्टी निसण्यावर (हाताने धार लावायच्या दगडावर) जाते.

आमच्या बापाने जन्मभर निसण्यावरच पाजवलं. पण त्याच्या हत्याराला कधी खाच पडली नव्हती आणि त्याला ऑफिसला जायचं नव्हतं.

सावंतवाडीहून:
निळी पटाशी गेली नाही. साधं कार्बन पोलाद २२० अंशांच्या आसपास पिवळं पडतं, ३०० ला निळं. निळं झालं तेवढा भाग मऊ पडला, बाकी पटाशी आहे तशीच आहे. टोकाकडून निळा भाग पूर्ण काढून टाका, आधी काटकोनात सरळ घासून, मग नवा उतार द्या. दोन-तीन मिलिमीटर लांबी जाईल. मी खेळण्यांच्या लेथवर एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) हत्यारं वापरतो, ती निळी झाली तरी कडकपणा सोडत नाहीत, म्हणून लेथवाल्यांचे व्हिडिओ बघून पटाशीला तसं करू नका.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट झाली की ३० अंश. अडीचपटीला किंचित कमी ठेवली की २५. मशीनवर २५ करा, निसण्यावर शेवटी ३०. चार मिलिमीटर जाड पटाशीचा उतार साडेनऊ मिलिमीटरच्या जवळ आला की थांबा.

मशीनसोबतचा टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) बहुधा पत्र्याचा आणि डगमगता असतो. त्यावर दोन स्क्रूंनी लाकडी फळी ठोका, खरी सुधारणा तिथे होते.

फोंड्याचा मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मडगावचाच सहा इंची घेतला. पांढरा ८० चा दगड आणि ड्रेसर म्हापशाला मिळाला, शुक्रवारी बाजारात नुस्त्यासाठी (मासळीसाठी) गेलो होतो तिथून वेगळं दुकान शोधत. बजेट अडीचशेने हुकलं.

मेस्तांना एक विचारायचं होतं, दगड बसवताना बाजूचे कागदी गोल काढायचे की ठेवायचे?

पेडण्याचा मेस्त:
ठेवायचे! ते दगडाला नट-प्लेटचा दाब सारखा बसावा म्हणून असतात. बसवण्याआधी दगड बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकाच ठोका. खणखणीत वाजला तर बरा, भद्द वाजला तर तडा आहे, परत द्या. पहिलं मिनिट बाजूला उभे राहून रिकामं चालवा. टूल रेस्ट दगडाच्या तीन मिलिमीटरच्या आत. चष्मा घाला, चाळिशीचा नव्हे. आणि मशीन पडवीत ठेवणार असाल तर पावसाच्या वाऱ्यापासून लांब. दगडात खालच्या अंगाला पाणी मुरलं की चालू केल्यावर थरथरतो.

फोंड्याचा मूळ प्रश्नकर्ता:
दगड खणखणीत वाजला. काल चार पटाश्या झाल्या. पहिलीच्या वेळी घाबरून इतक्यांदा पाण्यात बुडवली की बायको म्हणाली, भांडी घासताय की धार लावताय. जाड काचेवर ४०० ते २००० चे वॉटर पेपर पाण्याने चिकटवून शेवटचं केलं. पाठ आधी सपाट केली, मग उतार. पाठीमागे नखाला अडकणारी कड आली ती जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर काढली. फणसाच्या आडव्या रेषांवर पटाशी चालवली तर पापडासारखा पापुद्रा निघाला, पुठ्ठ्यासारखी तुकडेमोड नाही.

एका पटाशीच्या पाठीला गंजाचे खड्डे खोल आहेत, धारेपर्यंत आलेत. ती घासून घासून संपेल असं वाटतं. निळी आणि ती, दोन्ही बाजूला ठेवल्यात, हात बसल्यावर घेतो. माटोळीचे सहा सांधे उद्यापासून.