विणा एक ध्यान! क्रोशाचे झटपट, लटकते, हसरे नमुने (अनुभव धागा)

मंडळी, क्रोशाची सुई पहिल्यांदा हातात आली की जो तो मफलर विणायला बसतो आणि मफलर अर्ध्यावर कपाटात जातो. माझं मत विचाराल तर सुरुवात एखाद्या लटकत्या ध्यानापासून करावी. एका बैठकीत होतं, उरलीसुरली लोकर पुरते, आणि टाके वाकडे पडले तर ध्यान अजूनच ध्यान दिसतं.

माझा ठरलेला नमुना म्हणजे डोळे वटारलेला गोळा. लोकरीच्या वेष्टनावर ४ मिमीची सुई सांगितली असेल तर मी ३ किंवा ३.५ची घेते. वीण घट्ट बसते, आत भरलेला फायबर (कृत्रिम कापूस) भोकांतून डोकावत नाही. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) ६ मुके खांब, म्हणजे बुटके, घट्ट टाके. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. मग एकाआड एक वाढवून १८. चार फेऱ्या तशाच विणायच्या, मग घटवत १२, फायबर भरायचा, ६, आणि तोंड बंद. तुमची ध्यानं कशी झाली? लिहा बिनधास्त.

—

मी गोळ्याच्या वाटेला गेलोच नाही. अळी केली. २५ साखळ्या घातल्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत तीन-तीन खांब, म्हणजे मुक्या खांबापेक्षा उंच टाके. संपलं! एका काठाला साखळी आहे तेवढीच, दुसऱ्या काठाला तिप्पट टाक्यांची दाटी. त्यांना मावायला जागा नाही, म्हणून पट्टी आपसूक गिरक्या घेत जाते. डोक्याशी दोन डोळे, वर दोरी. परदेशात हिला वरी वर्म म्हणतात, जिवाला घोर लागला की चाळा करायला. माझी टेबलावरच्या दिव्याला टांगलेली असते. साहेबांचा फोन आला की मी तिला पीळ देतो.

—

मॅजिक रिंगने ज्यांना रडवलंय त्यांच्यासाठी: सरळ २ साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहाही मुके खांब कोंबा. मध्ये बारीकसं भोक राहतं. राहू दे, ती बाजू डोक्यावर घ्या आणि लटकवायची दोरी तिथूनच ओवा.

—

अहो, सगळी गंमत डोळ्यांत आहे! त्याच गोळ्यावर डोळे लांब-लांब आणि खाली लावले की बावळट, जवळ-जवळ आणि वर लावले की खवीस. त्यावर भुवईचा एकेक तिरका टाका. नाकाकडे उतरता घातला तर राग, कानाकडे उतरता घातला तर बिचारा केविलवाणा. मी आधी टाचण्या टोचून चेहरा ठरवते, मगच दोरा घालते. परवा टाचण्या हलवता हलवता असा काही चेहरा जमला की लेक म्हणाली, "आई, हे तर आजोबा, पेपर वाचताना!" सासऱ्यांनी गोळा हातात घेतला, चष्मा वर करून निरखला आणि म्हणाले, "भुवया जरा जाड कर." आता त्यांच्याच खोलीच्या दाराला लोंबतोय.

आणि हो, मागून वायसर बसणारे डोळे तोंड बंद करायच्या आधीच लावायचे. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर तेही नकोत, दोऱ्यानेच भरा.

—

काळी लोकर घेऊ नका. केसाळ तर मुळीच नको, टाका कुठे आहे तेच दिसत नाही आणि उसवताना गुंता होतो तो वेगळाच. फिक्या रंगाची, गुळगुळीत घ्या.

—

व्हिडिओ बघून करणाऱ्यांनो, बाई अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश लोक डबल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला पुरा खांब! माझ्या मैत्रिणीने सगळीकडे पुरे खांब घातले, तर गोळ्याचं झालं उंच, जाळीदार नळकांडं. पण हार मानेल ती कसली. त्याला दोन लांब पाय लावले, मिशी चिकटवली. आमच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त कौतुक त्याचंच होतंय!

—

मी डावखुरी. माझी वीण उलट दिशेने फिरते, त्यामुळे व्हिडिओ आरशासारखा उलटा करून बघते. लिखित कृती मात्र आहे तशीच चालते.

—

वरच्या नळकांडेवाल्या ताई, मिशीचा फोटो हवाच! फेऱ्या मोजताना गोंधळ होतो असं दोघींनी विचारलंय: गोलगोल विणताना फेरी जोडायची नसते, म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा आणि फेरीगणिक वर सरकवायचा. धुण्याचंही सांगते. आत कापूस भरला असेल तर भिजल्यावर त्याचे गठ्ठे होतात, म्हणून फायबरच बरा. अळीत भरायचं काही नसतंच, ती खुशाल धुवा.