शब्दचर्चा : 'प्रोवेचो' आणि 'सोब्रेमेसा'ला मराठीत काय म्हणाल?

सीमेवरची :

आम्ही सॅन डिएगोला राहतो. दक्षिणेला अर्ध्या तासावर मेक्सिकोची हद्द, पलीकडे तिह्वाना. इतकी वर्षं इथे काढूनही मेक्सिकन जेवण म्हणजे टॅको नि बरीटो, एवढीच आमची मजल. लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त साधून गेल्या शनिवारी सॅन इसिद्रोचा नाका चालत ओलांडला आणि आव्हेनिदा रेव्होलुसिओनवरच्या एका भारी हॉटेलात जेवलो. (हॉटेल म्हणजे आपलं मराठी हॉटेल, जेवायचं. 'उच्चभ्रू उपाहारगृह' लिहिलं की भूकच मरते.)

सीझर सॅलड याच रस्त्यावर १९२४ साली जन्मलं असं सांगतात. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे तिकडचे शौकीन हद्द ओलांडून इथे येत, आणि सीझर कार्दिनी या इटालियन गृहस्थांचं इथे हॉटेल होतं. आमच्यासमोरही वेटरने चाकांच्या गाड्यावर मोठा लाकडी वाडगा आणला. लसूण, अँकोव्ही, अंड्याचा बलक, लिंबू हे सगळं चमच्याच्या पाठीने रगडलं आणि मग त्यात लेट्यूसची अख्खी पानं कालवली. 'टॉस' वगैरे काही नाही, कालवलीच.

मग काळ्या मोलेतलं बदक. भाजलेल्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले आणि थोडं चॉकलेट यांचं वाटण म्हणजे मोले. मूळ शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतला 'मोल्ली', ग्वाकामोलेतही तोच आहे. त्याला सॉस म्हणणं म्हणजे मटणाच्या काळ्या रश्शाला ग्रेव्ही म्हणण्यासारखं.

पण प्रश्न वेगळाच आहे. शेजारच्या टेबलावरून उठलेल्या एक आजी काठी टेकत आमच्यापाशी आल्या, जरा थबकल्या, "प्रोवेचो" म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही मागे वळून पाहिलं, ओळखीचं कोण बसलंय म्हणून. मागे भिंत होती. नंतर आणखी दोघे जण तेच म्हणून गेले. वेटरला विचारलं तर म्हणाला, "खाल्लेलं तुमच्या अंगी लागो, असं म्हणतात." माझ्या मनात आलं, हे तर आपलं 'सावकाश होऊ द्या'!

जेवण झालं, कॉफी झाली. बिल काही येईना. नवरा घड्याळ बघायला लागला. "विसरला बहुतेक." पंचवीस मिनिटांनी मीच हात वर केला, तर कळलं की मागितल्याशिवाय बिल आणणं तिथे उद्धटपणाचं. जेवण झाल्यावर टेबलावर गप्पा मारत बसण्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, सोब्रेमेसा. आमच्या गावात घास तोंडात असतानाच बिल ठेवतात आणि वर "घाई नाही हं" म्हणतात.

तर या दोन्हींना मराठीत काय म्हणावं?

वऱ्हाडी पाहुणा :

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे ओसरीवर जेवत बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारतो, "या जेवाले." जाणारा म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या." ना तो येणार असतो, ना याने दोन भाकरी जास्तीच्या टाकलेल्या असतात. पण म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

ग्वादालाहारात चार वर्षं :

वऱ्हाडी पाहुणे, अगदी हेच तिकडे मेक्सिकोतही चालतं. ऑफिसात डबा उघडलेला माणूस जवळून जाणाऱ्याला विचारतो, "¿गुस्ता?" म्हणजे घेणार का? उत्तर ठरलेलं, "ग्रासियास, प्रोवेचो." पहिल्या आठवड्यात मी खरंच हात पुढे केला होता. समोरच्याने हसत अर्धा तामाल (मक्याच्या पिठाचा, पानात उकडलेला) दिला, पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

कोशकिडा :

'सावकाश होऊ द्या'बद्दल माझी हरकत आहे. सावकाश म्हणजे स-अवकाश, सवडीने. 'हळू' हा अर्थ त्यातूनच आलेला. 'होऊ द्या'चीही गंमत बघा, 'जेवा' असा हुकूम त्यात नाही. जेवण आपलं आपण होणार, तुम्ही फक्त होऊ द्यायचं. पण हे वाक्य यजमानाच्या तोंडचं. पंगतीत तुपाचं भांडं घेऊन फिरणाऱ्याने म्हणावं. हॉटेलात अनोळखी माणूस टेबलाशी थांबून "सावकाश होऊ द्या" म्हणाला, तर पुण्यात लोक त्याला मॅनेजर समजतील आणि चटणी मागतील.

'अन्नदाता सुखी भव'ही चालणार नाही. ते जेवणाऱ्याने जेऊ घालणाऱ्यासाठी म्हणायचं, आणि इथे जाणारा माणूस जेवणाऱ्याला म्हणतोय. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे 'चालू द्या'. पण त्याला हल्ली टोमण्याचा वास येतो.

मांडवी :

'सोब्रेमेसा' शब्द पोर्तुगीजमध्येही आहे, पण तिथे अर्थ जेवणानंतरचं गोड. म्हणजे लिस्बनमध्ये सोब्रेमेसा मागितलीत तर पुडिंग येईल, तिह्वानात मागितलीत तर वेटर बुचकळ्यात पडेल. बाकी 'मेसा' आणि आपलं 'मेज' एकच का?

कोशकिडा :

'मेसा' लॅटिन 'मेन्सा'पासून. 'मेज' मराठी कोशांत फारसीतून आलेला दिलाय. नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक लावू नये. 'मोले'चंही तेच. स्पॅनिशमध्ये 'मोलेर' म्हणजे दळणं, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं मोले त्यावरून आला. दोघांचा काही संबंध नाही.

वऱ्हाडी पाहुणा :

सोब्रेमेसाला शब्द कशाला शोधता? 'हात वाळेपर्यंत गप्पा' आहे की. ताटावर बसल्या बसल्या बोलणं रंगतं, बोटांवरचं वरण सुकून पापुद्रे निघतात, आणि तरी कोणी आंचवायला उठत नाही.

सीमेवरची :

वा! हेच हवं होतं. पण काट्या-चमच्याने जेवलेल्यांचे हात कसे वाळणार? आणि एका शब्दात काही? नवरा 'मेजगप्पा' सुचवतोय. मी त्याला अजून घरात ठेवलंय.

ग्वादालाहारात चार वर्षं :

'मेजगप्पा' नको, आकाशवाणीवरचा कार्यक्रम वाटतो. काटा-चमच्याचं मनावर घेऊ नका. 'पाटावरून उठलो' म्हणणारे तरी आता कुठे पाटावर बसतात?

तिखटमीठ :

मला एक सांगा, हे हात कोणाचे वाळायचे? आमच्या वाड्यात पहिली पंगत पुरुषांची नि मुलांची. यांच्या गप्पा रंगायच्या आणि दोन काकू, आजी आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उष्टी काढायला ताटकळायच्या. भूक लागलेली असायची. त्या दारात उभं राहून 'हात वाळेपर्यंत गप्पा' किती गोड वाटतात ते एकदा बघा. हॉटेलात निदान वेटरला पगार तरी मिळतो.

सीमेवरची :

तिखटमीठ, तुमचं वाचून आईला फोन केला. तिचंही घर असंच होतं. ती म्हणाली, "भूक लागायची ना, फार लागायची. पण दुसऱ्या पंगतीला आम्ही बसलो की दुपारचे अडीच वाजलेले. पुरुष घोरत असायचे. आम्हाला उठवणारं कोणी नसायचं. भाजी संपलेली असायची, मग ताक-भात आणि लोणचं घेऊन चार-चार वाजेपर्यंत बसायचो." मी विचारलं, त्याला काय म्हणायचात?

"काय म्हणणार? 'बायका अजून जेवतायत' असं सांगायचो बाहेर."