बोडीत पोहणं बंद करायचं का? ‘मेंदू खाणारा अमिबा’ फॉरवर्डला उत्तर

काचपट्टी (भंडारा जिल्हा)
कालपासून एकच मेसेज पाचव्यांदा आला. “केरळातला मेंदू खाणारा अमिबा आता विदर्भात. विहिरीचं पाणी पिऊ नका, मुलांना तलावात सोडू नका, आरओ बसवा.” कोणत्या गावात, कोणाला झाला, काही नाही. खाली आरओवाल्याचा नंबर मात्र आहे.

सोळा वर्षं खेड्यातल्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहतो, म्हणून लिहितो. मेसेजमधला अमिबा म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी, त्याचा आजार पाणी पिऊन होत नाही. पाणी नाकात जोरानं शिरलं, तर तो वासाच्या नसेवरून मेंदूत चढतो. ज्यानं आव पडते तो अमिबा वेगळा, तो आतड्यातला. हा पाण्यामातीत आपला आपण जगतो. अमेरिकेत १९६२ ते २०२४ मध्ये मिळून १६७ रुग्ण सापडले. आमच्या बोड्यांत (शेतातल्या छोट्या तळ्यांत) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत पिढ्यानपिढ्या पोरं डुंबली. पोहणं बंद केलं तर ती शिकणार कुठे? पावसाळ्यात पोरं बुडून जातात, त्यावर कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

वैनगंगाकाठ
१६७ पैकी वाचले किती, ते का नाही लिहिलंत दादा? चार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे.

मे महिन्यातली आमची बोडी तुम्ही पाहिली असेल. गुडघाभर पाणी, हात घातला तर कोमट, त्यातच म्हशी आणि त्यातच पोरं. हा जंतू ४६ अंशांपर्यंत मजेत वाढतो. आणि कोझिकोडला २०२५ साली तीन महिन्यांचं बाळ गेलं, ते कोणत्या तलावात पोहायला गेलं होतं? घरच्या विहिरीचंच पाणी होतं ना?

काचपट्टी
ताई, ते बाळ विहिरीचं पाणी पिऊन गेलं नाही. आंघोळीचं पाणीही नाकात जातं, हे मी मान्य करतो, मूळ लेखात ते लिहायला हवं होतं. म्हणूनच केरळनं ऑगस्ट २०२५ अखेर विहिरींत क्लोरिन टाकायची मोहीम काढली. क्लोरिननं नेग्लेरिया मरतो. आरओ नाकाचं रक्षण करत नाही.

वऱ्हाडी गडी
क्लोरिन म्हनता? आमच्या इकडं टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत पोत्यात पडून रायते, गोया होऊन जातात तिच्या. रजिस्टरात रोज टाकली म्हनून सही. पान्यात क्लोरिन हाय का ते पाहाची ओटी टेस्ट कोनी केली त मले दाखवा. मी सोताच्या डोयानं हिरीत पावडर पडतानी दोन वर्षांत एकदा पाह्यली, तेबी साहेब येनार होते म्हनून. आमी खारपान पट्ट्यातले, एक त गोडं पानी नाई, आन जे हाय त्यात बी हे.

योगसाधक, वर्धा
नाकाची एवढी भीती घालू नये. मी वीस वर्षं रोज नळाच्या पाण्यानं जलनेती करतो. सर्दी नाही की डोकेदुखी नाही.

काचपट्टी
२०११ साली अमेरिकेत लुइझियानात दोन जण नळाच्या पाण्यानं नाक धुऊनच गेले. नेती सोडा म्हणत नाही. पाणी उकळून कोमट करा, मग घ्या.

योगसाधक, वर्धा
उकळायला हरकत नाही. पण शिबिरात शंभर माणसांचं पाणी कोण उकळणार, तेही सांगा.

धानकरी (साकोलीकडची)
तुम्ही सगळे मेंदूवर बोलताय. आमच्या घरी अमिबा डोळ्यात आला.

बाबा धान चुरत होते, लोंब डोळ्यात गेलं. बाजूच्याच बोडीच्या पाण्यानं डोळा धुतला. संध्याकाळी मेडिकलमधून थेंब आणले. दोन दिवसांत लाली कमी झाली, आम्ही सुटलो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात डोळा उघडेना. रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसायचे, आणि धानाचं पोतं पाठीवर नेणारा माझा बाप रडायचा. नागपूरला बुबुळावरून खरवड घेतली, अकांथामिबा निघाला. सुरुवातीला दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. सात महिने औषध चाललं. डोळा राहिला, पण फूल पडलं. आता त्या डोळ्यानं फक्त उजेड कळतो. डॉक्टर म्हणाले, पहिल्या थेंबांत स्टेरॉइड होतं, त्यानं लाली दबली आणि आत आजार पसरला.

काचपट्टी
शहरात हा आजार कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा म्हणतात. आपल्याकडे कसपट, माती आणि गढूळ पाणी. त्याच्या कोषाला क्लोरिनही सहज मारत नाही. फॉरवर्ड यायला हवा तो याचा.

औषधवाला
झालं, आता मेडिकलवाला आरोपी. माझं दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं. लाल डोळा घेऊन माणूस येतो, डोळ्यांचा डॉक्टर पन्नास किलोमीटरवर, शेवटची बस गेलेली. त्याला हाकलून देऊ? उधारीत औषध देतो ते कोणाला दिसत नाही.

धानकरी
उधारी आम्ही फेडली. डोळा कोणी परत दिला नाही.

वऱ्हाडी गडी
ताई, त्याच्यावर कायले चिडता? डाक्टर गावात असता त कोन गेलं असतं दुकानात?

धानकरी
डॉक्टर नाही म्हणून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड द्यायचं? नसतंच दिलं, तर बाबा दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले असते. बरं वाटलं म्हणूनच घरी थांबले ना?

औषधवाला
हे मला माहीत नव्हतं. लाली गेली म्हणजे गुण आला, असंच मीही धरत होतो. स्टेरॉइडचा थेंब चिठ्ठीशिवाय देणार नाही, झालं समाधान? पण रात्री दारात उभ्या माणसाला काय सांगू, तेही लिहा.

काचपट्टी
उकळून गार केलेल्या पाण्यानं धू, चोळू नको, सकाळच्या पहिल्या गाडीनं जा. डोळ्यात काय गेलं आणि कोणत्या पाण्यानं धुतला, ते डॉक्टरला आपणहून सांग, तो विचारेल याची वाट पाहू नको. मेंदूच्या आजारातही हेच. पोहून आल्यावर बारा दिवसांच्या आत ताप, जबर डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या, तर पोहल्याचं आधी सांगायचं. पाठीच्या मणक्यातलं पाणी ताजं असताना काचपट्टीवर घेतलं तर अमिबा हलताना दिसतो. उशीर झाला की हाती काही लागत नाही.

वैनगंगाकाठ
कोझिकोडचा चौदा वर्षांचा मुलगा २०२४ मध्ये वाचला, तो असाच. वडिलांनी सोशल मीडियावर या आजाराबद्दल वाचलं होतं, म्हणून त्यांनी डॉक्टरला पोहण्याचं सांगितलं. म्हणजे फॉरवर्डवाल्यांना नुसतं झोडपू नका.

काचपट्टी
ते पटलं. पण त्या पोस्टमध्ये लक्षणं होती, आरओचा नंबर नव्हता. भर उन्हाळ्यात आटलेल्या बोडीत उडी नको, हेही मानतो. पाऊस पडून पाणी भरलं की सोडा मुलाला. नाक चिमटीत धरायला लावा, तळाचा गाळ ढवळू देऊ नका.

वैनगंगाकाठ
यंदा नाही सोडणार. पुढच्या वर्षी त्याचा बाप काठावर उभा राहणार असेल, तर बघू.