मदत हवी आहे: आठ फ्लॅटचा साधा इंटरकॉम, तिसऱ्या मजल्यावरून गेटचं कुलूप उघडत नाही

दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची जुनी इमारत आहे. तळ अधिक तीन, दर मजल्यावर दोन फ्लॅट, लिफ्ट नाही, वॉचमन परवडत नाही. सेक्रेटरीपद यंदा माझ्या गळ्यात पडलंय. दुपारी कुणीही थेट जिना चढून बेल मारतं, म्हणून जिन्याच्या ग्रील गेटला विजेवरचं कुलूप आणि घरोघरी इंटरकॉम बसवायचं सभेत ठरलं. व्हिडिओवाल्याचं कोटेशन ऐकून दोन सभासद उठूनच गेले, तेव्हा नुसत्या आवाजाचाच घेतला.

गेटवर आठ बटणांचं पॅनेल आहे, प्रत्येक घरात भिंतीवरचा हँडसेट आणि तळाला मीटरच्या कपाटात 12 व्होल्टचा सप्लाय. बोलण्याची, ऐकण्याची, कुलपाची आणि परतीची अशा चार तारा सगळ्यांना मिळून, शिवाय बेलसाठी दर घराची वेगळी एक. म्हणजे 12 तारा. वायरमनने दहा पेअरची (जोड्यांची), म्हणजे वीस तारांची केबल ओढली आहे, त्यामुळे काही तारा रिकाम्या आहेत.

अडचण अशी की तळमजल्यावरून आणि पहिल्यावरून बटण दाबलं की कुलूप खाडकन उघडतं. आमच्या मजल्यावरून दोनदा-तीनदा दाबावं लागतं. तिसऱ्यावरून नुसतं घुर्रर्र करतं, जीभ मागे सरकतच नाही. तिथल्या आजी पुन्हा पिशवीत किल्ली घालून दोरीने खाली सोडायला लागल्यात आणि "हेच बरं होतं" असं मला रोज ऐकवतात. शिवाय संध्याकाळनंतर सगळ्याच हँडसेटमध्ये बारीक गुणगुण येते.

वायरमन म्हणतो मोठा सप्लाय घ्या, 15 व्होल्टचा. घ्यावा का?

गच्चीवरचा

ताई, हे सगळं काढा आणि वाय-फायवाली बेल लावा. मोबाइलवर चित्र दिसतं, मोबाइलवरूनच दार उघडतं.

दुसरा_मजला

आठपैकी तीन घरांत वाय-फायच नाही, आणि त्या आजींकडे बटणांचा फोन आहे. नको.

ओहमपती

15 व्होल्ट अजिबात नको. तळमजल्यावरून बटण दाबलं की ते जवळजवळ सगळे व्होल्ट कुलपाच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर येतील आणि कॉइल तापेल. पॅनेलमधलं सर्किटही 12 वर चालणारं असतं, ते गेलं तर पॅनेलच बदलावं लागेल.

आधी दोन गोष्टी सांगा. केबलच्या आवरणावर काय छापलंय? आणि कुलपाच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून बटण दाबायला लावलं तर आकडा किती येतो? बटण दाबलेलं असतानाचा आकडा हवा, एरवीचा नको.

दुसरा_मजला

भाच्याकडून मोजून घेतलं. पहिल्यावरून 10.4, तिसऱ्यावरून 8.7. सप्लायवर तेव्हाही 12 आहे. केबलवर 10 पेअर, 0.5 एमएम असं छापलंय. दुकानदार म्हणाला होता की पॉइंट फाइव्ह इंटरकॉमला भरपूर झाली.

ओहमपती

भरपूर झाली, पण बोलण्यापुरती. 0.5 एमएम हा तारेचा व्यास आहे. पॉवरची वायर आपण मागतो ती चौरस मिलिमीटरमध्ये. 0.5 व्यासाच्या तारेचा छेद जेमतेम 0.2 चौरस मिलिमीटर भरतो, म्हणजे 0.5 स्क्वेअर एमएमच्या निम्म्याहून कमी. काउंटरवर दोन्हींना पॉइंट फाइव्हच म्हणतात.

आता हिशेब बघा. अशा जोडीचा जाऊन-येऊन रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला साधारण 0.175 ओहम. वळणं धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत 25 मीटर धरले तर 4.4 ओहम झाले. 12 व्होल्टला एक अँपिअर घेणाऱ्या कुलपाची कॉइल 12 ओहमची असते. दोन्ही मिळून 16.4 ओहम, म्हणजे कुलपाला मिळणार 12 × 12 ÷ 16.4, सुमारे 8.8 व्होल्ट. तुमच्या भाच्याने 8.7 मोजलेत. पोराला चहा पाजा.

तुमच्या जोडणीत कुलपाचा सगळा करंट जिना चढून हँडसेटच्या बटणातून जातो आणि परत खाली येतो. तो वर न्यायचं कारणच नाही. मीटरच्या कपाटात 12 व्होल्टचा एक रिले बसवा, म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आता कुलपाला जोडलेली जी तार वर जाते, ती कुलपापासून सोडवून रिलेच्या कॉइलला द्या. कॉइलचं दुसरं टोक सप्लायच्या प्लसला. कुलूप थेट सप्लायवर, मध्ये रिलेचा नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट, म्हणजे एरवी तुटलेला आणि रिले चालला की जुळणारा. 400 ओहमची कॉइल 30 मिलिअँपिअर घेते, त्यासमोर 4.4 ओहम म्हणजे काहीच नाही. वरच्या एकाही घरात हात लावावा लागणार नाही.

रिलेच्या कॉइलवर आणि कुलपावर एकेक 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) उलटा टाका, पट्टीचं टोक प्लसकडे. नाहीतर दर वेळी कॉइल सुटताना ठिणगी पडून कॉन्टॅक्ट काळे होतील. दोन्ही डायोड मिळून दहा रुपयेसुद्धा होत नाहीत, तरी वायरमन लोक हमखास टाळतात. मात्र कुलूप डीसीचं असेल तरच डायोड. तुमचं सप्लायवरून डीसीचंच दिसतंय.

शॉर्टसर्किट

गुणगुणीचं मी सांगतो. संध्याकाळनंतर म्हणालात, म्हणजे जिन्याचे दिवे लागल्यावर. केबल जिन्याच्या दिव्यांच्याच केसिंग पट्टीतून ओढली आहे का?

दुसरा_मजला

हो! तीच पट्टी. नवी मारली तर भिंत खराब दिसेल म्हणून. आत्ताच जिन्याचा एमसीबी पाडून बघितला, गुणगुण बंद.

शॉर्टसर्किट

मग भिंत खराब दिसू दे. 230 व्होल्टची वायर आणि इंटरकॉमची तार एका पट्टीत ठेवायचीच नसते. गुणगुण सोडा हो, पावसाळ्यात ओल धरून जुन्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर तो करंट थेट हँडसेटमध्ये येईल, आणि हँडसेट लोक कानाला लावतात. वेगळी पट्टी मारा, जिन्याच्या दुसऱ्या बाजूने, ते सर्वांत बरं.

केबल हलवणारच आहात तर आणखी एक बघा. टेलिफोन केबलमध्ये पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी अशा तारा एकमेकींना पीळ घालून असतात. कुलूप-बेलच्या तारा सोडून बोलण्याची आणि ऐकण्याची तार कोणत्या रंगांवर आहे?

दुसरा_मजला

बोलण्याची निळी, ऐकण्याची नारिंगी, परतीची हिरवी. त्यांच्या जोडीच्या पांढऱ्या तिन्ही मोकळ्या, टोकं कापून टेप मारलाय.

शॉर्टसर्किट

वाटलंच. पीळ वाया घालवलाय. निळीच्या आणि नारिंगीच्या जोडीची पांढरी तार परतीला जोडा, हँडसेटकडे आणि खाली पॅनेलकडे दोन्हीकडे. आवाज आणि त्याची परतीची वाट एकाच पिळात आली की बाहेरून येणारा आवाज दोघींत सारखाच शिरतो आणि बराचसा कटतो. हिरवी राहू दे, परतीला तारा जास्त झाल्या तर फायदाच आहे.

गच्चीवरचा

लाइट गेल्यावर काय करणार? डोंबिवलीत राहता म्हणून विचारतो.

ओहमपती

चांगला प्रश्न. हे कुलूप करंट दिल्यावर उघडणारं आहे, म्हणजे लाइट गेली की बंदच राहतं. आतून खटका दाबून हाताने उघडता आलंच पाहिजे, ते तपासा. आग लागली तर जिन्यात कुणी अडकता कामा नये. बाहेरून येणाऱ्यांसाठी चार्जरसकट 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी लावा. कुलूप बटण दाबल्यापुरताच करंट घेतं, त्यामुळे लोडशेडिंग सहज निघतं. चुंबकवालं कुलूप असतं तर दिवसभर करंट खात बसलं असतं.

दुसरा_मजला

आतून खटका आहे, आत्ताच खाली जाऊन बघून आले. रविवारी वायरमनला बोलावलंय. हा धागा छापून त्याच्या हातात देणार आहे. एकच शेवटचं: तो म्हणतोय रिले गेटच्या खांबातल्या पेटीत बसवू, वायर वाचेल. मीटरच्या कपाटापासून गेट पाचेक मीटरवर आहे.

ओहमपती

खांबात नको, पावसात पहिल्याच वर्षी गंजेल. कपाटातच बसवा आणि तिथून कुलपापर्यंत एक स्क्वेअर एमएमची दोन कोअर तांब्याची वायर टाका. पाच मीटरला 0.2 व्होल्टसुद्धा पडत नाहीत. दुकानात सीसीए लिहिलेलं बंडल दिलं तर परत करा, ते आतून ॲल्युमिनियम असतं.