सोळा शब्द आणि एक पाचर

ए-२०३ : काकू, तुम्ही सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या कोड्यात सोळा शब्दांचे चार-चारांचे चार गट पाडायचे होते आणि त्यात माझ्या चारही चुका सुतारकामावरच खर्ची पडल्या. करवत, पटाशी, रंधा, हातोडा आणि पाचर असे पाच शब्द दिसत होते. पाचर सोडून एकेक वगळत गेलो आणि दर वेळी 'एकच शब्द चुकला' हेच उत्तर आले. तीन शब्द सतत बरोबर येत असताना चौथा का सापडू नये?

सी-५०४ : कारण त्या उत्तराने तुम्हाला नवे काहीच कळत नव्हते. पाचांपैकी चार खरे असतील, तर चुकीची कोणतीही चौकडी उचलली तरी तिच्यात तीन बरोबर येणारच; शिवाय पाचांतून चार निवडण्याचे मार्ग पाच आणि चौथ्या चुकीला खेळ संपतो. म्हणून पाचवा शब्द दिसला की तो गट तसाच ठेवावा आणि ज्या शब्दांना दुसरीकडे कुठेच थारा नाही, त्यांच्याकडे वळावे. येथे 'शपथ' आणि 'प्रमाण' तसे होते. त्यांना 'पत्र' जोडून पाहिले की 'वर्तमान' आपसूक येऊन मिळतो आणि चौथी जागा 'मान' घेते. मान गेली की नाक, कान, पाठ, पोट हे चारच अवयव उरतात.

बी-१०१ : मला पाचर मुळात हत्यार म्हणून पटलीच नाही. ती हातोड्याने ठोकायची वस्तू आहे, म्हणून मी ती पहिल्यांदाच बाजूला काढली.

सी-५०४ : आजोबा, तुमच्यासारखे सोडवणारे असले तर माझी पाचर फुकटच गेली म्हणायची. इतरांनी मात्र विचार, बरसात आणि सहारा या उरलेल्या तिघांकडे पाहावे. अर्थाने त्यांचे काही जुळत नाही, आणि अर्थ हात टेकतो तेव्हा अक्षरे वाचावीत : विचारात चार, बरसातीत सात, सहाऱ्यात सहा. मग पाच कुठे दडला आहे ते सांगावे लागत नाही.

डी-३०२ : 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जून २०२३मध्ये आणलेल्या 'कनेक्शन्स' या अशाच सोळा शब्दांच्या खेळात सर्वांत सोपा गट पिवळा आणि सर्वांत आडवळणाचा जांभळा असतो. माझा अनुभव असा, की पिवळा दिसताक्षणी नोंदवण्याची घाई नडते. निदान दोन गट मनात पक्के होईपर्यंत मी बोट लावत नाही. शब्दांची जागा बदलण्याचे बटणही दाबत राहतो, कारण शेजारी ठेवलेले दोन शब्द उगीचच सोयरे वाटू लागतात. बीबीसीवर २००८पासून चालणाऱ्या 'ओन्ली कनेक्ट' या प्रश्नमंजूषेत अशाच सोळा शब्दांच्या भिंतीसाठी अडीच मिनिटेच मिळतात, तिथे एवढा संयम कोण ठेवणार!

ए-२०३ : एक राहिले. 'हातोडा'मध्ये 'हात' आहे आणि 'नाक'मधल्या न आणि क यांची अदलाबदल केली की 'कान' होतो, हे पाहून मी बराच वेळ तिकडेच भटकत होतो.

सी-५०४ : ते दोन्ही चकवे मी ठेवलेले नव्हते, तुमचा संदेश वाचेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.